रिकाम्या पिंपात काय होतं? 'एम्प्टी' या विशेषणाचं प्रकरण

मागच्या वर्षी एका सॉल्व्हंटच्या, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणाऱ्या ज्वालाग्राही द्रवाच्या, सुरक्षा माहितीपत्रकाचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं. असली पत्रकं साचेबंद असतात. सोळा विभाग, तीच ती वाक्यं, निम्मं काम आधीच्या भाषांतरांतून उचलून होतं. अडलो सातव्या विभागात, हाताळणी आणि साठवण या भागात. इंग्रजी वाक्याचा ऐवज एवढाच, की 'एम्प्टी' पिंपांत मालाचा अंश उरतो आणि ती धोकादायक असू शकतात. मी लिहिलं, 'रिकाम्या पिंपांत माल शिल्लक असतो.' पुन्हा वाचलं आणि हसू आलं. शिल्लक आहे तर रिकामं कसं, असं चौथीतलं पोरही विचारेल. 'रिकाम्या' काढून 'वापरलेल्या' घातलं, तर कारखान्याकडून उत्तर आलं की वापरलेलं म्हणजे सेकंडहँड वाटतं, 'रिकाम्या'च ठेवा, आमची माणसं त्याला रिकामंच म्हणतात. त्यांचं बरोबर होतं. तरी वाक्य काही सरळ होईना.

याच विशेषणाने पूर्वी एका माणसाला असंच अडवलं होतं. त्याने त्यावर जेमतेम पान-दीड पान लिहिलं आणि भाषा माणसाच्या विचाराला वळण लावते का, यावर भाषाशास्त्रातली माणसं त्यावरून ऐंशी वर्षांहून अधिक काळ भांडत आहेत. प्रकरण त्याचं आहे.

विम्याचा माणूस

बेंजामिन ली वोर्फ. जन्म १८९७, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला. १९१८ साली एमआयटीतून केमिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि १९१९ साली हार्टफर्ड फायर इन्शुरन्स कंपनीत चिकटला. काम आगप्रतिबंधाचं. कंपनीने ज्यांचा विमा उतरवला आहे ते कारखाने बघायचे, आग कुठून लागू शकेल ते सांगायचं, लागलेल्या आगींचे अहवाल तपासायचे. ही नोकरी त्याने मरेपर्यंत, म्हणजे १९४१पर्यंत सोडली नाही. भाषाशास्त्र हा त्याचा नोकरीबाहेरचा नाद. हिब्रू, अॅझ्टेक, माया, नंतर होपी, म्हणजे अमेरिकेतल्या एका आदिवासी जमातीची भाषा. १९३१पासून तो येल विद्यापीठात भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांच्याकडे शिकू लागला, तेही नोकरी सांभाळून. आपल्याकडे पोस्टात किंवा कलेक्टर कचेरीत नोकरी करून ताम्रपट वाचणारी माणसं होऊन गेली, त्याच जातकुळीतला हा.

सपीर १९३९च्या फेब्रुवारीत वारले. त्यांच्या स्मरणग्रंथासाठी वोर्फने त्या वर्षी एक लांबलचक निबंध लिहिला. तो छापून आला १९४१ साली. निबंधाचा खरा विषय होपी लोकांची काळाची कल्पना आणि युरोपीय भाषांतली काळाची कल्पना यांतला फरक हा आहे. पण सुरुवात केली ती आगीच्या फायलींपासून. तो सांगतो, मी शेकडो अहवाल तपासले. आधी नजर फक्त भौतिक कारणांवर होती, म्हणजे सदोष वायरिंग, धुराड्याचा पत्रा आणि लाकूडकाम यांच्यात न सोडलेली फट वगैरे. हळूहळू लक्षात आलं, की त्या जागेला लोक काय म्हणतात यावरही आग अवलंबून असते.

त्याने उदाहरणं दिली आहेत ती एकाहून एक. एका ठिकाणी भट्टीवरच्या पात्रांना चुनखडीपासून केलेल्या मिश्रणाचा लेप होता. नावात 'दगड' आहे, मग तो कसा जळेल, म्हणून कुणी जाळापासून तो झाकला नाही. पात्रांतून निघणाऱ्या अॅसिटिक आम्लाच्या वाफेने त्या चुन्याचं रूप पालटलं, उष्णता लागल्यावर त्यातून अॅसिटोन सुटलं आणि 'दगड' पेटला. दुसरीकडे कातडी कमावण्याच्या कारखान्यातलं सांडपाण्याचं टाकं, अर्धवट फळ्यांनी झाकलेलं. 'पाणी'च ते. कुणीतरी जळती काडी त्यात टाकली. कुजणाऱ्या घाणीचा वायू फळ्यांखाली साठलेला होता.

ही सगळी नामं झाली. विशेषणाचं उदाहरण त्याने पहिलंच दिलं आहे, आणि ते सगळ्यांत साधं आहे. पेट्रोलच्या भरलेल्या ड्रमांपाशी लोक जपून वागतात. 'एम्प्टी' ड्रमांपाशी मात्र विडी-सिगारेट ओढतात, थोटकं इकडेतिकडे फेकतात. वास्तविक जास्त धोका दुसऱ्या ढिगाऱ्यात आहे, कारण त्या ड्रमांत स्फोटक वाफ असते. वोर्फने गाव, तारीख, मालक काहीच दिलेलं नाही. अनेक फायलींतून उकळून काढलेली ती एक परिस्थिती आहे, एकच घडलेली घटना असा त्याचा दावा नाही. पुढे सांगणाऱ्यांनी तिची गोष्ट करून टाकली, त्यात एक कामगार आला, त्याच्या हातात सिगारेट आली.

त्याची फोड अशी. 'एम्प्टी'चे दोन अर्थ आहेत. एका अर्थाने आत काहीच नाही, निर्जीव, निष्क्रिय, कायद्याच्या भाषेत रद्दबातल. दुसऱ्या अर्थाने ज्या मालासाठी भांडं आहे तो माल आता त्यात नाही. मग तळाशी चार थेंब असोत, वाफ असो, कचरा असो, त्याची दखल शब्द घेत नाही. ड्रमाला नाव दिलं जातं दुसऱ्या अर्थाने, आणि माणूस वागतो पहिल्या अर्थाला धरून.

ड्रमाच्या पोटात

इथे थोडं रसायनशास्त्र, कारण ते न कळता हे प्रकरण नुसतं शब्दांचा खेळ वाटतं.

पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली असेल तरच. साधारण १.४ टक्क्यांपासून ७.६ टक्क्यांपर्यंत. त्याखाली मिश्रण पातळ, त्यावर ते दाट. दोन्हीकडे ठिणगीचं काही चालत नाही. भरलेल्या ड्रमात पेट्रोलच्या वर जी थोडी जागा असते तिथे वाफ इतकी दाट असते की ती या पट्ट्याच्या पार वर जाते. म्हणून भरलेला ड्रम आतून सहसा फुटत नाही. (तो निर्धोक आहे असं कुणी यातून काढू नये. सांडला, गळला, बाहेरून तापला की दोनशे लिटर पेट्रोल काय करतं ते सांगायला नको.)

आता ड्रम उपसला. बुचातून बाहेरची हवा आत आली. तळाच्या कडेला, शिवणीत, गंजाच्या पापुद्र्याखाली जे राहिलं ते हळूहळू उडतंय आणि हवेत मिसळतंय. मिश्रण दाटाकडून पातळाकडे सरकत जातं, आणि वाटेत तो पेटणारा पट्टा लागतोच.

किती पेट्रोल पुरतं याचा हिशोब मी कागदावर करून पाहिला. दोनशे लिटरच्या ड्रमाच्या १.४ टक्के म्हणजे २.८ लिटर वाफ. एक लिटर पेट्रोल पूर्ण उडालं तर ढोबळमानाने दोनशे लिटरच्या आसपास वाफ होते. म्हणजे २.८ लिटर वाफेसाठी लागलं चौदा मिलिलिटर पेट्रोल. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं टोपण भरेल, एवढंच. ड्रम उपडा करून झटकल्यावर तेवढं आत राहत नाही, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकेल का?

शिवाय ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ड्रमाचं बूच काढून तो आठवडाभर उन्हात उभा ठेवला म्हणजे वाफ निघून जाते, ही समजूत म्हणूनच घातक. बूच वर आणि वाफ तळाशी. डिझेलची तऱ्हा निराळी. साध्या तापमानाला त्याची वाफ पुरेशी होत नाही, त्यामुळे 'डिझेलचा ड्रम आहे, काही होत नाही' हे वाक्य वर्कशॉपात नेहमी ऐकू येतं. ते ज्वाळा लागेपर्यंत खरं असतं. गॅस कटरने पत्रा तापला, की तळाचा चिकटा स्वतःच वाफ बनतो आणि ठिणगी तर हातातच असते. ड्रमाचं झाकण किंवा तळ अशा वेळी तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो, आणि कापणारा त्याच्यावर वाकलेला असतो.

घरातला 'रिकामा' सिलिंडर मात्र या हिशोबात बसत नाही. शेगडी विझली तरी आत गॅस उरतोच, पण हवा आत शिरलेली नसते, त्यामुळे पेटणारं मिश्रण टाकीत सहसा तयार होत नाही. धोका झडपेतून गळण्याचा. म्हणूनच संपलेल्या सिलिंडरलाही ते दोरीचं पांढरं टोपण लावून ठेवा असं सांगतात. आपण ते पहिल्याच दिवशी कुठेतरी हरवतो.

फुरसतीपासून पोकळीपर्यंत

'एम्प्टी' हा शब्द मुळात भांड्यांचा नव्हताच. जुन्या इंग्रजीत 'एमेट्टा' म्हणजे फुरसत. त्यावरून 'एमेटिग', आखूड होऊन 'एमटिग', म्हणजे ज्याला फुरसत आहे, जो कामात अडकलेला नाही असा माणूस. आणि लग्नबेडीत न अडकलेला, आपण ज्याला सडाफटिंग म्हणतो तोही. माणसावरून तो शब्द घरावर, भांड्यावर, पोटावर गेला. आजच्या इंग्रजीत मूळचा अर्थ पुसला गेला आहे. फुरसत असलेल्याला कुणी 'एम्प्टी' म्हटलं तर तो रागावेल.

मराठी वाचकाला इथे ओळखीचं माणूस भेटल्यासारखं व्हावं. 'संध्याकाळी रिकामा आहेस का?' हे आपण आजही विचारतो. रिकामटेकडा, रिकामी उठाठेव, भिंतीला तुंबड्या लावणारा रिकामा न्हावी, हे सगळे फुरसतीचेच नातेवाईक. इंग्रजीने टाकून दिलेली जोडी आपल्या एका शब्दात शाबूत आहे, माणूस रिकामा आणि पिंपही रिकामं. दोघांच्याही बाबतीत भाव तोच, की सध्या कामाला लावलेलं नाही.

आणखी एक गंमत. इंग्रजी शब्दातला 'प' मागाहून घुसलेला आहे. 'म' आणि 'ट' एकापाठोपाठ उच्चारताना ओठ उघडताना जो अडखळा होतो, तो पुढे अक्षर होऊन बसला. आपल्याकडचे ट्रकवाले माल उतरवून परत येताना 'गाडी एम्टी आली' म्हणतात. शिकलेली माणसं हसतात. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजाला मात्र तोच उच्चार घरचा वाटला असता.

बाकी 'एम्प्टी' जिथे जिथे जातो तिथे मराठीने वेगवेगळी माणसं नेमलेली आहेत. आश्वासन पोकळ. नजर शून्य. रस्ता ओस किंवा निर्मनुष्य. गणितातला संच रिक्त आणि सरकारी पदही रिक्त, दोन्हीकडे भरतीची आशा सारखीच. घागर रिती, हा 'रिता' संस्कृत रिक्तचाच मुलगा, पण कवितेत वाढलेला, त्यामुळे त्याला एक दुःखाची छटा आली. बसमधली सीट मोकळी. 'मोकळा'ला तर इंग्रजी शब्दापाशी उत्तरच नाही, कारण त्यात सुटकेचा आनंद आहे. मोकळं मन आणि रिकामं मन यांत केवढा फरक! हाच आनंद ड्रमाच्या बाबतीत नडतो. स्टोअरवाला 'चार ड्रम मोकळे झाले' म्हणतो, तेव्हा त्यात जबाबदारी संपल्याचा सुस्कारा असतो.

मराठीत रिकामेपण बरेचदा कानाने कळतं, हेही या प्रकरणाला लागू आहे. डब्यात खडखडाट, विहिरीत ठणठणाट, रस्त्यावर शुकशुकाट. ड्रम भरलेला आहे की नाही हे बघायला कामगार आत डोकावत नाही, वरून थाप मारतो. ठण्ण वाजला की रिकामा. कान खोटं बोलत नाही, पण त्याला वाफ ऐकू येत नाही.

आणि मिश्र वस्तीच्या औद्योगिक भागात आणखी एक घोटाळा. हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामा, मराठीत 'खाली' म्हणजे तळाकडे. लिपी तीच, शब्द तोच. 'ड्रम खाली है' आणि 'ड्रम खाली आहे' यांच्यात फक्त एका क्रियापदाचा फरक. त्यात 'गाडी खाली करणे' मराठीतही रुळलेलं आहे. नुसतं 'खाली ड्रम' असं रंगवलेल्या पाटीचा अर्थ वाचणारा कुठल्या गावचा यावर ठरतो.

डोळे दोषी की शब्द

वोर्फवर टीका झाली, आणि ती होणारच होती. एरिक लेनेबर्ग या अभ्यासकाने १९५३ साली त्याच्या पद्धतीवर बोट ठेवलं. ड्रम स्फोटक वाफेने भरलेला आहे हे इंग्रजीत सहज म्हणता येतं, मग दोष इंग्रजीचा कसा? चाळीसेक वर्षांनी भाषा आणि मन यांचे अभ्यासक स्टीव्हन पिंकर यांनी अधिक सोपा मुद्दा मांडला. पेट्रोलची वाफ दिसत नाही. वाफेने भरलेला ड्रम आणि खरोखर रिकामा ड्रम डोळ्यांना सारखेच. कामगाराला डोळ्यांनी फसवलं, भाषेने नव्हे.

मला ही टीका निम्मी पटते. माणूस 'एम्प्टी' शब्द मनात घोकतो आणि त्यामुळे त्याची बुद्धी बधिर होते, असं चित्र कुणी रंगवत असेल तर ते खोटं आहे. वेल्डरला वाफ माहीत असते. त्याला विचारा, तो तुम्हाला तीन गावांतले तीन किस्से सांगेल. पण पिंकर ज्या माणसाबद्दल बोलतात तो एकटा ड्रमासमोर उभा आहे. कारखान्यात तसं नसतं. तिथे माणूस यायच्या आधी शब्द येऊन गेलेला असतो.

स्टोअरच्या रजिस्टरात दोन रकाने असतात, भरलेले आणि रिकामे. भरलेल्या ड्रमांना कुंपण, कुलूप, वाळूच्या बादल्या, पाटी, पहारेकरी. रिकामे मागच्या बाजूला, कंपाउंडच्या भिंतीला लागून, भंगारवाल्याची वाट बघत. भरलेले कमी झाले तर चौकशी होते. रिकामे कुणी दोन नेले तर 'ने बाबा, पाण्याला होतील' म्हणतात. मग विडी ओढायला माणसं कुठे जाणार? जिथे पहारेकरी नाही तिथेच. म्हणजे त्या माणसाला विशेषणाने फसवलं नसेल, पण त्याला बसायची जागा विशेषणानेच दिली. रजिस्टरचा रकाना आखणाऱ्या कारकुनाने त्याचा धोका ठरवला, आणि कारकुनाच्या दृष्टीने 'रिकामं' बरोबरच होतं, कारण तो माल मोजत होता.

मला वाटतं वोर्फ स्वतः याच्या फार जवळ आला होता. विमा कंपनीचा माणूस तो. त्याने माणसांच्या डोक्यापेक्षा माणसांचे कागद जास्त पाहिले असणार. पण निबंध लिहिताना तो डोक्याकडे वळला, कारण त्याला पुढे होपींपर्यंत जायचं होतं.

तेरा हजार गॅलनची रिकामी टाकी

ही चूक फक्त थोटकं फेकणाऱ्या मजुराची आहे असं समजू नये. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेलं टीडब्ल्यूए कंपनीचं ७४७ विमान उड्डाणानंतर बारा मिनिटांत हवेत फुटलं. आतले सगळे २३० जण गेले. आधी बॉम्ब, क्षेपणास्त्र असे तर्क झाले. चार वर्षांच्या तपासानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने निष्कर्ष काढला, की विमानाच्या पोटातल्या मधल्या इंधनटाकीतल्या वाफेचा स्फोट झाला. ठिणगी नेमकी कुठून आली ते खात्रीने ठरलं नाही. टाकीबाहेरच्या शॉर्टसर्किटमुळे इंधन मोजणाऱ्या तारांतून जास्त दाबाची वीज आत गेली, ही सर्वांत संभाव्य शक्यता धरली गेली.

ती टाकी त्या दिवशी 'एम्प्टी' होती. पॅरिसपर्यंत जायला पंखांतलं इंधन पुरेसं होतं, म्हणून मधली टाकी भरलेली नव्हती. जवळपास १३,००० गॅलनच्या त्या टाकीत सुमारे ५० गॅलन उरलं होतं, म्हणजे १९० लिटर. एक ड्रम. टाकीच्या खालीच वातानुकूलनाची यंत्रं होती. विमान तापलेल्या धावपट्टीजवळ थांबलेलं असताना ती चालू होती आणि टाकी खालून शेकली जात होती. टाकी भरलेली असती तर एवढं इंधन इतक्या लवकर तापलं नसतं.

इथे शब्द कुणी चुकीचा वापरला? वैमानिकाच्या हिशोबात टाकी रिकामीच होती, कारण त्यातून इंजिनाला काही मिळणार नव्हतं. पुढे २००८ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने अशा टाक्यांतली ज्वलनशीलता कमी करण्याचा नियम केला. त्यासाठी वापरला जाणारा उपाय असा, की रिकाम्या जागेत नायट्रोजन जास्त असलेली हवा सोडायची. रिकामं निर्धोक करायचं तर ते भरावं लागतं. ड्रम कापणारे जुने जाणते वेल्डर आधी तो काठोकाठ पाण्याने भरून घेतात, त्यामागचा विचार हाच.

कायद्याने काय केलं

कायदा लिहिणाऱ्यांची या विशेषणाशी झटापट पाहण्यासारखी आहे. अमेरिकेच्या घातक कचऱ्याच्या नियमांत 'एम्प्टी'ची व्याख्याच दिली आहे. नेहमीच्या पद्धतीने ओतून, उपसून जेवढं निघेल तेवढं काढल्यावर तळाशी अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त उरलं नसेल, किंवा ११९ गॅलनपर्यंतच्या पिंपात क्षमतेच्या वजनाने तीन टक्क्यांपेक्षा जास्त नसेल, तर ते रिकामं. नेहमीच्या ५५ गॅलनच्या ड्रमात हे सहा लिटरच्या घरात जातं. सहा लिटर घातक कचरा आत, आणि ड्रम रिकामा! मात्र अतिविषारी मालासाठी हे चालत नाही, तिथे पिंप तीनदा धुवावं लागतं. हा नियम कचऱ्याची जबाबदारी कुठे संपते ते ठरवण्यासाठी आहे, आग लागेल का ते ठरवण्यासाठी नव्हे. पण शब्द तोच, आणि एका खात्याची व्याख्या ऐकलेला माणूस ती दुसऱ्या खात्यात घेऊन जातो.

त्याच देशाचे मालवाहतुकीचे नियम उलट टोकाला. काही सवलती सोडल्या, तर अंश उरलेलं रिकामं भांडं भरलेल्यासारखंच वाहून न्यायचं, पाट्या-खुणा तशाच ठेवून. युरोपातल्या कागदपत्रांत 'रिकामं, न धुतलेलं' अशी जोडी वापरतात. विशेषणाला सांभाळायला दुसरं विशेषण बसवलेलं.

आपल्या कारखाने अधिनियम, १९४८ची (२०२५ साली त्याची जागा नव्या संहितेने घेतली) भाषा मला या सगळ्यांत उजवी वाटते. त्याच्या ३७व्या कलमात जे लिहिलं गेलं त्याचा आशय असा: ज्या टाकीत वा पात्रात स्फोटक किंवा ज्वालाग्राही पदार्थ आहे किंवा होता, त्यावर तो पदार्थ आणि त्याची वाफ काढून टाकल्याशिवाय किंवा निरुपद्रवी केल्याशिवाय वेल्डिंग, डाग देणं, कापणं असं उष्णतेचं काम करायचं नाही, आणि काम झाल्यावर धातू पुरेसा थंड होईपर्यंत तो पदार्थ पुन्हा आत येऊ द्यायचा नाही. 'रिकामं' हा शब्दच नाही. 'आहे किंवा होता.' विशेषण टाळून क्रियापदावर काम भागवलं आहे. कुणा मसुदाकाराने ते जाणून केलं असेल तर त्याला दंडवत. अर्थात तो कायदा कारखान्यासाठी होता. रस्त्याकडेच्या दोन माणसांच्या वेल्डिंगच्या दुकानात, जिथे खरे ड्रम कापले जातात, पाण्याच्या टाक्या आणि भट्ट्या होतात, तिथे तो कुणी वाचलेला नव्हता.

त्याच अधिनियमात 'इन्फ्लेमेबल', म्हणजे ज्वालाग्राही, हा शब्द होता, जो टँकरच्या पाठीवरही दिसतो. त्यातला 'इन' नकारार्थी आहे असं वाटून 'न पेटणारं' असा अर्थ काढणारे लोक आहेत, म्हणून अमेरिकेतल्या आगप्रतिबंधक संस्था 'इन' काढून टाकलेलं रूप वापरायचा आग्रह धरत आल्या. ते वेगळं प्रकरण आहे, पण दोन विशेषणं एकाच ड्रमावर बसलेली असतात, म्हणून आठवलं.

पाटी

माझं पत्रक. सातव्या विभागातलं वाक्य मी शेवटी कलम ३७च्या वळणाने लिहिलं. 'ज्या ड्रमात हे सॉल्व्हंट होतं, त्याचा माल काढून घेतला तरी आत वाफ असते. तो कापू नका, वेल्ड करू नका, जवळ विडी-सिगारेट ओढू नका.' सोबत मागच्या आवाराला लावायच्या पाटीचा मजकूरही हवा होता. तो आणखी आखूड केला: 'या ड्रमांत सॉल्व्हंट होतं. वाफ आहे.'

कारखान्यातल्या साहेबांचा फोन आला. म्हणाले, "मजकूर चांगला आहे हो, पण यात 'एम्प्टी' कुठे आलं?"

मी म्हटलं, "'होतं'मध्ये."

ते थोडं थांबले, मग बरं म्हणाले. पाटी लागल्यावर त्यांनी फोटो पाठवला. दोन्ही वाक्यं जशीच्या तशी होती. वर फक्त लाल रंगात, माझ्या अक्षरांच्या दुप्पट अक्षरांत, एक शीर्षक घातलं होतं: 'रिकामे ड्रम'.